घोड्याची लीद दर महिन्याला पातळ होते : औषधाआधी काय तपासायचं

तक्रार अशी असते. घोडा खातो-पितो, कामाला जातो, अंगानंही बरा आहे. पण दर तीन-चार आठवड्यांनी दोन दिवस त्याची लीद गाईच्या शेणासारखी पडते. शेपूट आणि मागचे पाय बरबटतात, पोट मोठ्यानं गुडगुडतं, एखाद्या वेळी घोडा मान वळवून कुशीकडे बघतो. डॉक्टर येऊन इंजेक्शन देतात, लीद बांधली जाते, आपण सुटकेचा श्वास टाकतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

आमच्या सावळीचं हे दीड वर्ष चाललं. सावळी म्हणजे आमची नऊ वर्षांची काठेवाडी घोडी, वजन साधारण ३५० किलो. फलटण तालुक्यात आमची चार घोडी आहेत. लग्नसराईत वरातीला जातात, एरवी पोरं रपेट मारतात. त्या दीड वर्षात मी जे चुकीच्या क्रमानं केलं, ते तुम्ही योग्य क्रमानं करावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हे बघा, बाकीचं नंतर

लीद पातळ आहे पण घोडा वैरण खातोय, ताप नाही, डोळे तरतरीत आहेत, तर शोध घ्यायला तुमच्याकडे वेळ आहे. पुढचं काही दिसलं तर मात्र हे वाचत बसू नका, डॉक्टरांना फोन करा : घोडा पुढच्या पायानं जमीन उकरतोय, पुन्हा पुन्हा बसतोय-उठतोय, लोळतोय, लीद पूर्ण बंद झाली आहे, वैरणीला तोंड लावत नाही, हिरड्या लालभडक किंवा जांभळट दिसतात, लिदीत रक्त आहे, किंवा पाण्यासारखे जुलाब सुरू आहेत.

नाडी मोजायला शिकून घ्या. डाव्या कोपराच्या मागे छातीला स्टेथोस्कोप लावा, १५ सेकंद ठोके मोजा, चारनं गुणा. उभ्या, शांत घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. पोटात दुखत असताना ते ६० च्या वर गेले तर मामला गंभीर आहे. ताप गुदद्वारातून मोजायचा, ९९ ते १०१ फॅरनहाइट नेहमीचा. खुरांना हात लावून बघा. खूर नेहमीपेक्षा गरम लागत असतील आणि घोडा पाय जपून टाकत असेल, तर पोटातला बिघाड खुरांपर्यंत पोचला आहे. त्याला लॅमिनायटिस म्हणतात आणि त्यात घोडा कायमचा अधू होऊ शकतो.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. पोट दुखतंय म्हणून बाटलीनं किंवा बांबूच्या नळीनं तेल पाजू नका. मान वर धरून पाजलेलं तेल फुफ्फुसात जातं. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे जठर तुंबलेलं असेल तर वरून ओतलेला प्रत्येक लिटर धोका वाढवतो. तेल द्यायचंच असेल तर डॉक्टर नाकातून जठरात नळी घालून, आधी जठर रिकामं आहे का ते बघून देतात.

लीद कुठे बिघडते

घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानानं फार लहान असतं, ८ ते १५ लिटरचं. त्यातलं अन्न लहान आतड्यातून काही तासांत पुढे सरकतं आणि मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या अंधांत्रात पडतं. अंधांत्र म्हणजे मीटरभर लांबीची, तीसेक लिटरची पिशवी. तिच्यापुढे मोठं आतडं, ऐंशी लिटरच्या आसपास. गाईची चारा आंबवायची टाकी पुढे, जठराच्या आधी असते. घोड्याची मागे, लहान आतड्यानंतर. या टाकीत जिवाणू, आदिजीव आणि बुरश्या मिळून गवताचा तंतू फोडतात. त्यातून निघणारी आम्लं आतडं शोषून घेतं, आणि नुसत्या वैरणीवर राहणाऱ्या घोड्याच्या ताकदीचा अर्ध्याहून मोठा वाटा त्यातूनच येतो. तंतू फोडणारे जिवाणू (फायब्रोबॅक्टर, रुमिनोकॉकस ही त्यांतली मुख्य मंडळी) हळू काम करतात, हळू वाढतात आणि आंबटपणा त्यांना मानवत नाही.

आता चंदी, म्हणजे घोड्याचा दाण्याचा खुराक. दाण्यातला स्टार्च लहान आतड्यातच पचून संपायला हवा, पण घोड्याकडे स्टार्च पचवणारं पाचक द्रव्य मुळातच कमी असतं. एका वेळी जास्त दाणा गेला की उरलेला स्टार्च तसाच अंधांत्रात उतरतो. तिथे स्ट्रेप्टोकॉकस आणि लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंची चंगळ होते. ते झपाट्यानं वाढतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात, टाकी आंबट होते आणि तंतूवाले मरू लागतात. मेलेल्या जिवाणूंच्या कवचातलं विष दुखावलेल्या आतड्यातून रक्तात शिरतं. थोडक्यात निभावलं तर लीद पातळ होते, जास्त झालं तर पोटशूळ, त्याहून जास्त झालं तर खूर.

म्हणून लीद बांधणारी औषधं दोन दिवस बरी वाटतात. खरं तर त्या दोन दिवसांत घोडा दाणा कमी खातो, आणि टाकी आपली आपण सावरते. हे मला दीड वर्षानं कळलं.

वही आणि डबा

मला शेवटी उत्तर मिळालं ते शंभर पानी वहीत. रोज चार गोष्टी लिहायच्या : कोणती वैरण आणि ती कुठून आलेली, चंदी किती आणि कशाची, घोडीनं काय काम केलं, आणि लीद कशी. लीद बघायचीही पद्धत आहे. ताजा गोळा हातमोज्यात घ्या. बरा गोळा ओलसर असतो, दाबला की फुटतो पण हाताला चिकटत नाही, आत बारीक काड्या दिसतात आणि वास गवतासारखा असतो. टाकी आंबली की गोळा होतच नाही, रंग फिका पडतो, आंबूस वास नाकात बसतो. अख्खे दाणे दिसले तर तेही लिहून ठेवा.

तीन महिन्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसलं की पातळ लिदीच्या प्रत्येक फेरीआधी एक-दोन दिवस ओट संपलेले होते. आमच्याकडे ओट पुण्याहून येतात, महिन्याला एक खेप. खेप लांबली की चार दिवस मक्याचा भरडा. मी तात्यांना विचारलं. तात्या आमची घोडी बघतात, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून.

"तात्या, मका किती घालता?"

"वहिनी, डबा त्योच हाय की. ओटाला जेवढा, मक्याला तेवढाच. एक दाणा जास्त न्हाय."

डबा खरंच तोच होता, दोन लिटरचा, तुपाचा. मी वजनकाटा आणला. ओटाचा डबा भरला ९०० ग्रॅम. मक्याचा भरडा भरला १३०० ग्रॅम. ओटात स्टार्च वजनाच्या साधारण ४० ते ४५ टक्के, मक्यात ७० च्या आसपास. म्हणजे ओटाच्या डब्यात पावणेचारशे-चारशे ग्रॅम स्टार्च आणि मक्याच्या त्याच डब्यात ९०० ग्रॅम. शिवाय ओटाचा स्टार्च घोड्याच्या लहान आतड्यात बराचसा पचतो, कच्च्या मक्याचा मोठा भाग न पचता पुढे जातो. तात्यांची काही चूक नव्हती. माप डब्यानं ठरवलं होतं ते मीच.

घोड्याच्या आहारशास्त्रात आज सांभाळून चालायची मर्यादा अशी मानतात : एका वेळच्या चंदीत, घोड्याच्या वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅमच्या वर स्टार्च नको. सावळीला म्हणजे एका वेळी ३५० ग्रॅम. ओट असतील तर ८०० ग्रॅम, हरभरा असेल तरी जवळपास तेवढाच, मका मात्र अर्धा किलोच्या वर नाही. तुमच्या घोड्याचं वजन माहीत नसेल तर छातीचा घेर आणि अंगाची लांबी मोजून डॉक्टर अंदाज काढून देतात. आणि डबा ठेवायचाच असेल तर प्रत्येक दाण्याचा वेगळा ठेवा, आत रंगानं खूण करा.

डबा बरोबर असेल तर पुढे

दाण्याचं माप नीट असूनही त्रास होत असेल, तर पुढचा संशय वैरण बदलण्यावर. आपल्याला वाटतं गवत म्हणजे गवत. पण टाकीतल्या जिवाणूंना डोंगरी गवत वेगळं, कडबा वेगळा, लसूणघास वेगळा, उसाचे वाढे वेगळे. टेक्सासमधल्या घोड्यांवर १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधीच्या दोन आठवड्यांत आहार बदललेल्या घोड्यांना पोटशूळ जास्त होताना दिसला, आणि त्या बदलात नुसतं गवत बदलणंही होतं. आपल्याकडे याचा मोठा काळ जूनचा शेवट. सात महिने कोरड्या वैरणीवर काढलेल्या घोड्याला पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या हरळीवर दिवसभर सोडलं की तिसऱ्या दिवशी लीद पातळ. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग पंधरा-वीस मिनिटं वाढवत जा. सोडण्याआधी पोटात वाळलं गवत असू द्या. आणि ताज्या हिरव्या चाऱ्याचा भारा बघून फसू नका. हिरव्या मक्यात किंवा लसूणघासात पाचातले चार भाग पाणी असतं. २५ किलोचा भारा म्हणजे कोरडा चारा पाचच किलो.

किमान हिशोब असा : घोड्याच्या वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा रोज, दोन टक्के दिला तर उत्तम. ३५० किलोच्या घोडीला वाळलं गवत सहा ते आठ किलो. यापेक्षा कमी दिलं तर टाकीत तंतू उरत नाही, आणि पोट भरायला आपण दाणा वाढवतो. रिकामं जठरही दुखतं. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, खाणं असो वा नसो, कारण मोकळा घोडा दिवसातले सोळा-सतरा तास चरतच असतो.

वरातीच्या घोड्यांसाठी हे वेगळं सांगायला हवं. संध्याकाळी चारला शृंगार चढतो, रात्री अकराला उतरतो. मध्ये वैरण नाही, पाणी नाही, डीजेचा दणका. लोक प्रेमानं बुंदी, लाडू, पेढे भरवतात. घरी आल्यावर दमलाय म्हणून मालक दुप्पट चंदी घालतो. टाकी बिघडवायला लागतं ते सगळं त्या एका रात्रीत आलं. आम्ही आता निघण्याआधी दीड-दोन किलो गवत खाऊ घालतो, गाडीत गवताची जाळी आणि पाण्याचा कॅन ठेवतो, नवरदेवाच्या माणसांना सुरुवातीलाच सांगतो की घोडीला गोड देऊ नका. परत आल्यावर आधी पाणी, मग गवत, आणि त्या रात्रीची चंदी बंद. सकाळी नेहमीची.

आठवड्यातून एकदा गव्हाच्या कोंड्याचा गरम लापशीवजा खुराक पोट साफ व्हायला द्यायची जुनी रीत आहे. मीही देत होते. पण रोज न मिळणारा पदार्थ सहा दिवसांआड एकदम दोन किलो देणं म्हणजे दर आठवड्याला अचानक आहार बदलणंच. बंद केलं, काही बिघडलं नाही.

दात बघून घ्या. घोड्याचे दाढांचे कोपरे झिजून धारदार होतात, गाल सोलतात, मग घोडा नीट चावत नाही. अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे गव्हाणीत सापडले, किंवा लिदीतल्या काड्या बोटाच्या पेराएवढ्या लांब दिसल्या, तर दात घासून घ्यायची वेळ झाली. वर्षातून एकदा तपासणी पुरते.

जंतांचं औषध दर महिन्याला डोळे झाकून देऊ नका. त्यानं जंत औषधाला दाद देईनासे होतात. आधी लीद तपासून अंडी किती ते बघा. फक्त एक लक्षात ठेवा : लहान स्ट्राँगाइल जातीच्या जंतांच्या अळ्या आतड्याच्या अस्तरात दडून बसतात, तेव्हा लिदीत अंडी सापडत नाहीत. अहवाल चांगला आला तरी घोडा खंगत असेल तर डॉक्टरांना हा प्रश्न विचारा. चरायच्या जागेतली लीद आठवड्यातून दोनदा उचलली तर औषध कमी लागतं.

वैरण जमिनीवर टाकत असाल, तर मातीची परीक्षा घरीच होते. जमिनीला न टेकलेले लिदीचे पाच-सहा गोळे घ्या, बादलीत पाणी घालून कालवा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, वरचं हळूच ओता. तळाशी बोटांना चरचरणारी वाळू चमचाभर निघाली तर आतड्यातही ती साचते आहे. गव्हाण उंच करा किंवा खाली रबरी चटई टाका. इसबगोल देतात, पण मात्रा आणि किती दिवस ते डॉक्टरांना विचारून.

औषधांकडेही बघा. लंगडत होता म्हणून आठवडेच्या आठवडे वेदनाशामक चालू असेल, तर त्यानंच जठर आणि मोठं आतडं सोलवटतं. घरात उरलेलं प्रतिजैविक घोड्याला कधीच देऊ नका. लिंकोमायसिनसारखं, डुकराला चालणारं औषध घोड्याच्या टाकीतले जिवाणू असे उद्ध्वस्त करतं की जुलाबानं घोडा दगावतो. आणि कोंबडीखाद्याची किंवा गुरांच्या खाद्याची पोती चंदीशेजारी ठेवू नका. त्यांतल्या काहींत मोनेन्सिन असतं. कोंबडीला ते औषध आहे, घोड्याच्या हृदयाला अगदी थोडंही जीवघेणं.

सावरायचं कसं

घोडा बाकी ठणठणीत असेल तर चंदी सहा-सात दिवस पूर्ण बंद. एकाच गंजीतलं, बुरशी नसलेलं वाळलं गवत, हवं तेवढं. स्वच्छ पाणी कायम समोर. ३५० किलोच्या घोडीला रोज वीस ते पस्तीस लिटर लागतं, उन्हात त्याहून जास्त. मीठ २० ते २५ ग्रॅम. बाकी काही नाही. लीद बांधली गेली की दाणा पावशेरानं सुरू करा आणि तीन-चार दिवसांनी थोडा वाढवा. दिवसाचा दाणा दोनऐवजी तीन वेळात वाटा, आणि दाण्याच्या आधी अर्धा तास गवत द्या. नवी वैरण आली तर जुनी संपायच्या आत आणा : पहिले चार दिवस नवी पाव हिस्सा, पुढचे चार अर्धी, मग पाऊण. दोन आठवडे धरा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर वहीचा उपयोग होत नाही. मी सुरुवातीला दाणा, गवत आणि जंताचं औषध एकाच आठवड्यात बदललं, आणि सावळी बरी झाली तेव्हा कशानं ते कळलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

दही, ताक, माणसांच्या प्रोबायोटिक गोळ्या, पावडरी यांबद्दल सगळे विचारतात. माझं मत स्पष्ट आहे : मूळ कारण तसंच ठेवून वरून जिवाणू ओतण्यात अर्थ नाही. शंभर लिटरच्या टाकीत अब्जावधी जिवाणू आधीच आहेत, आणि तिथली आंबट हवा बदलल्याशिवाय नवे पाहुणे टिकत नाहीत. सॅकरोमायसिस जातीच्या यीस्टनं तंतू थोडा बरा पचतो असं काही चाचण्यांत दिसलं आहे. द्यायचंच असेल तर घोड्यांसाठी बनवलेलं, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. शिंगरांना तर स्वतःच्या मनानं काहीच देऊ नका. लॅक्टोबॅसिलसच्या एका प्रकारावर झालेल्या चाचणीत तो दिलेल्या शिंगरांना जुलाब जास्त झाले होते. शिंगरू पहिल्या काही आठवड्यांत आईची ताजी लीद खाताना दिसलं तर मारू नका. त्याच्या रिकाम्या टाकीत आईचे जिवाणू त्याच वाटेनंही जातात. दुसऱ्या आठवड्यात त्याला थोडे पातळ जुलाब होतात, ते खेळत आणि पीत असेल तर आपोआप थांबतात. मलूल झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

हे सगळं करून सहा आठवड्यांत फरक पडला नाही, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लीद तपासणीबरोबर रक्ततपासणी करायला सांगा, विशेषतः रक्तातलं प्रथिन. ते घसरलेलं असेल तर आतड्याचं अस्तर दुखावलेलं असण्याची शक्यता आहे. तोवर लीद हाताळताना हातमोजे घाला, पोरांना दूर ठेवा, कारण सॅल्मोनेला नावाचा जुलाबाचा जिवाणू असेल तर त्याची बाधा माणसालाही होते. नमुना सकाळचा ताजा घ्या, जमिनीला लागलेला भाग टाळा, पिशवीतली हवा दाबून काढून गाठ मारा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. पिशवीवर घोड्याचं नाव, तारीख आणि शेवटचं जंताचं औषध कधी दिलं ते लिहा.